ब्रेनसची ढाल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात फ्रान्समधील रग्बी युनियनच्या, म्हणजे पंधरा खेळाडूंच्या रग्बीच्या, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेविषयी, म्हणजे आज ‘टॉप १४’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेविषयी, आम्ही एक छोटे टिपण प्रसिद्ध केले होते. विजेत्या संघाला तेथे चषकाऐवजी लाकडी ढाल मिळते आणि तिच्यावर विजेत्यांची नावे कोरलेली असतात, आणि त्यांत पॅरिसपेक्षा लहान गावांची नावे अधिक जिव्हाळ्याची आहेत, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: ही स्पर्धा केवळ एका सामन्याने सुरू झाली असे वाचले. ते खरे आहे का? आणि दोनच संघ खेळले असतील, तर तिला राष्ट्रीय स्पर्धा कसे म्हणावे? (एक क्रीडाशिक्षिका, धुळे)

होय, ते खरे आहे. २० मार्च १८९२ रोजी पॅरिसच्या बुआ द बूलोन्य या वनोद्यानातील बागातेलच्या हिरवळीवर रेसिंग क्लब द फ्रान्स आणि स्ताद फ्रान्से या दोन क्लबांमध्ये एक सामना झाला, रेसिंगने तो ४–३ असा जिंकला आणि तेवढ्यावर फ्रान्सचा पहिला रग्बी विजेता ठरला. त्या सामन्याचे पंच होते पिएर द कुबर्तिन, ज्यांच्या प्रयत्नांतून पुढे चारच वर्षांनी अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिकचा प्रारंभ झाला.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, कारण आपली शंका रास्त आहे. दोन्ही क्लब पॅरिसचेच होते, आणि पुढची काही वर्षे संघांची संख्या वाढली तरी विजेतेपदाचा निकाल राजधानीच्या वेशीबाहेर गेला नाही. तोवर रग्बी दक्षिणेत पोहोचला होता. ब्रिटनशी द्राक्षमद्याचा जुना व्यापार असलेल्या बोर्दोसारख्या बंदरात इंग्रज व्यापाऱ्यांनी तो नेला, आणि तेथून गारोन नदीच्या खोऱ्यात आतवर तो रुजत गेला. तरीही दक्षिणेतल्या क्लबांना विजेतेपदासाठी खेळण्याची संधी मिळाली ती १८९९ मध्ये. त्या वर्षी पॅरिसचा विजेता आणि प्रांतांतील विजेता यांच्यात अंतिम सामना ठरला, तो बोर्दोला झाला, आणि स्ताद बोर्दले या तेथल्या क्लबाने स्ताद फ्रान्सेला ५–३ असे हरवले. दार उघडताच पहिल्याच वर्षी बाहेरच्या संघाने बाजी मारली. १८९९ ते १९११ या काळात एकट्या बोर्दोच्या क्लबाने ७ वेळा विजेतेपद मिळवले, १९१२ मध्ये तुलूझ पहिल्यांदा विजेते झाले, आणि पॅरिसचे वर्चस्व संपले. कागदोपत्री ही स्पर्धा १८९२ ची असली, तरी ती राष्ट्रीय झाली १८९९ मध्ये, असे माझे मत आहे.

त्या काळी ही स्पर्धा अनेक खेळांचा कारभार पाहणाऱ्या एका सामायिक क्रीडासंघाकडे होती. रग्बीचा स्वतंत्र फ्रेंच महासंघ १९१९ मध्ये स्थापन झाला आणि १९२० पासूनची स्पर्धा त्याने भरवली. १९९८ पासून व्यावसायिक श्रेणींचे दैनंदिन व्यवस्थापन वेगळ्या राष्ट्रीय लीगकडे आहे.

प्रश्न: ‘ब्रेनस’ म्हणजे रोमवर स्वारी करणारा गॉल टोळ्यांचा सरदार ना? त्याच्या नावाची ढाल खेळाला का दिली? (एक केळी उत्पादक, रावेर)

हा गैरसमज फ्रान्समध्येही आढळतो आणि तो स्वाभाविक आहे, कारण ढाल म्हटले की योद्धाच डोळ्यांपुढे येतो. परंतु हे नाव शार्ल ब्रेनस या नक्षीकाराचे आहे. ते धातूवर कोरीवकाम करीत, आणि वर उल्लेखिलेल्या क्रीडासंघाच्या संस्थापकांपैकी एक होते. ढालीची कल्पना कुबर्तिन यांची आणि घडण ब्रेनस यांची. जाड लाकडी फळीवर धातूची ढाल बसवलेली आहे, तिच्यावर ‘देशासाठी खेळ’ अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे, आणि भोवतालच्या लाकडावर दरवर्षी विजेत्याच्या नावाची छोटी पट्टी जोडली जाते. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा जशी केवळ तिच्या चांदीमुळे मोठी नाही, तसेच या फळीचे आहे.

प्रश्न: सध्याच्या स्पर्धेची रचना, गुणपद्धती आणि वर-खाली होण्याचे नियम सविस्तर सांगावेत. (महाविद्यालयीन विद्यार्थी, अमळनेर)

२००५-०६ च्या हंगामापासून वरच्या श्रेणीत १४ क्लब आहेत आणि स्पर्धेचे आजचे नावही त्यावरूनच पडले आहे. प्रत्येक क्लब इतर १३ क्लबांशी एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळतो, म्हणजे साखळीत प्रत्येकाचे २६ सामने होतात. विजयाला ४ गुण, बरोबरीला प्रत्येकी २ गुण आणि पराभवाला शून्य, हा पाया झाला.

त्यावर दोन प्रकारचे अधिक गुण आहेत. ५ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरणाऱ्या संघाला १ गुण मिळतो. ही मर्यादा पूर्वी ७ होती, ती २०१४ मध्ये कमी करण्यात आली. दुसरा अधिक गुण आक्रमणासाठी आहे आणि तो फ्रान्सने विचारपूर्वक वेगळा घडवला आहे. (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे म्हणजे ट्राय, तिला ५ गुण मिळतात.) अन्य बऱ्याच देशांत एका सामन्यात ४ ट्राय केल्या की अधिक गुण पदरात पडतो, मग प्रतिस्पर्ध्याने कितीही केलेल्या असोत. फ्रान्समध्ये मात्र विजेत्या संघाने प्रतिस्पर्ध्यापेक्षा किमान ३ ट्राय जास्त केलेल्या असल्या पाहिजेत. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला, सामना हातचा गेलेला असतानाही, हरणाऱ्या संघाने एक ट्राय केली तर जिंकणाऱ्याचा अधिक गुण हिरावला जातो, आणि म्हणून तेथे निकाल ठरल्यानंतरही कोणी हात सैल सोडत नाही. मला हा नियम या स्पर्धेतला सर्वांत शहाणपणाचा नियम वाटतो.

साखळीनंतर पहिले ६ क्लब पुढे जातात. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत जातात. तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो, आणि हे सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होतात. उपांत्य सामने त्रयस्थ शहरात होतात. अंतिम सामना १९९८ पासून पॅरिसलगतच्या स्ताद द फ्रान्स या मैदानावर भरतो. त्याला दोन अपवाद सांगता येतील. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धा असल्याने रग्बीचा अंतिम सामना थेट स्पेनमध्ये, बार्सिलोनाला न्यावा लागला, आणि तेथे ९९,१२४ प्रेक्षकांसमोर रेसिंग ९२ ने तुलाँला २९–२१ असे हरवले. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमुळे तो मार्सेयला झाला. त्यात तुलूझने बोर्दो-बेग्लवर ५९–३ असा विजय मिळवला.

तळाचा, म्हणजे १४ वा क्लब थेट ‘प्रो डी २’ या दुसऱ्या श्रेणीत उतरतो आणि तिथला विजेता वर येतो. १३ व्या क्लबाला दुसऱ्या श्रेणीच्या उपविजेत्याशी एकच निर्णायक सामना खेळावा लागतो. ग्रनोब्ल या शहराचा क्लब २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे या सामन्यापर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. व्हान हा ब्रिटनी प्रांतातून वरच्या श्रेणीत पोहोचलेला पहिला क्लब, परंतु २०२४-२५ चा एकच हंगाम खेळून त्याला परत खाली जावे लागले.

प्रश्न: टिपणात आपण लिहिले होते की या ढालीवर पॅरिसपेक्षा लहान गावांची नावे अधिक जिव्हाळ्याची आहेत. मोठ्या शहरांपुढे लहान गाव जिंकते कसे, आणि आजही ते शक्य आहे का? (निवृत्त शिक्षक, शहादा)

सरांनी विचारलेला हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून उत्तर थोडे लांबले तरी चालेल.

लूर्द हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचे तीर्थक्षेत्र आहे. यात्रेकरू लाखोंनी येतात, परंतु गावात कायम राहणारी माणसे आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावातल्यापेक्षाही कमी. या गावाच्या क्लबाने १९४८ ते १९६८ या वीस वर्षांत ८ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. झां प्रा हा त्यांचा कर्णधार फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचाही कर्णधार होता. त्यानंतर बेझिएची पाळी आली. भूमध्य समुद्राजवळच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखातले हे गाव लूर्दहून बरेच मोठे असले, तरी देशाच्या नकाशावर लहानच. १९७१ ते १९८४ या चौदा हंगामांत त्यांनी १० विजेतेपदे मिळवली, आणि १९६१ चे धरून त्यांच्या नावावर एकूण ११ आहेत.

हे कसे घडले याचे माझ्या मते एक मोठे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. त्या काळी पहिल्या श्रेणीतच ६४ पर्यंत क्लब असत, ते गटागटांत खेळत, आणि गटांतून निवडलेले संघ पुढे बाद फेरीत उतरत. खेळाडूंना उघड पगार देण्यास बंदी होती, म्हणून गावचा मुलगा गावातच नोकरी किंवा शेती सांभाळून गावासाठी खेळे. शेजारच्या गावाशी होणाऱ्या सामन्याला सारे गाव लोटे. यात्रेतल्या मानाच्या कुस्तीला आपल्याकडे पंचक्रोशी जमते, त्या चालीवर हे समजून घ्यावे. चार-पाच गुणी मुले एकाच पिढीत जन्मली आणि एकत्र राहिली, की एवढ्याशा गावाला देशाच्या विजेतेपदाची आशा धरता येत असे.

मात्र या चित्राची काळी बाजू सांगितल्याशिवाय ते खरे होणार नाही. पगारबंदी पुष्कळदा कागदावरच राहिली. कियां हे पिरेनीजच्या कुशीतले, तीन-चार हजार वस्तीचे गाव. तेथील टोप्यांचे कारखानदार झां बूरेल यांनी शेजारच्या पेर्पिन्यांसारख्या क्लबांतून नामांकित खेळाडू आणवले, त्यांना आपल्या कारखान्याच्या आश्रयाने नोकऱ्या दिल्या, आणि १९२८, १९२९ व १९३० असे तीन अंतिम सामने या गावाने गाठले. १९२९ मध्ये लेझिन्यांला ११–८ असे हरवून कियां विजेतेही झाले. तो अंतिम सामना खेळापेक्षा मारामारीमुळे अधिक लक्षात राहिला. पुढच्याच वर्षी उपांत्य सामन्यातील एका टॅकलनंतर (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडणे म्हणजे टॅकल) आझँ क्लबाचा अवघ्या अठरा वर्षांचा खेळाडू दगावला. लपूनछपून दिलेले पैसे आणि मैदानावरची हिंसा या दोन कारणांवरून ब्रिटिश बेटांतील संघटनांनी १९३१ मध्ये फ्रान्सशी सामने खेळणे थांबवले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती कोंडी सुटली नाही. विजेतेपदाची हाव स्पर्धेच्या मुळावर कशी येऊ शकते याचा हा मोठा धडा फ्रान्सला मिळाला, आणि गावाच्या अभिमानाचे कौतुक करताना तो विसरता कामा नये.

१९९५ मध्ये रग्बी युनियनने व्यावसायिकता मान्य केल्यावर पहिल्या श्रेणीतील क्लबांची संख्या टप्प्याटप्प्याने घटत १४ वर आली. लूर्द आज बरेच खालच्या श्रेणीत आहे, बेझिए दुसऱ्या श्रेणीत. तुलूझसारख्या मोठ्या शहराच्या क्लबाने २०२५ पर्यंत २४ विजेतेपदे मिळवली आहेत, आणि त्यातली शेवटची तीन सलग आहेत. म्हणजे लहान गावाची वाट अवघड झाली आहे, यात शंका नाही. तरी ती बंद झालेली नाही. कास्त्र हे सुमारे चाळीस हजार वस्तीचे गाव, म्हणजे आपल्या शहाद्यापेक्षाही लहान. एका औषधकंपनीचे भक्कम पाठबळ त्यांच्या क्लबामागे आहे, हे खरे. पण २०१८ मध्ये साखळीत सहाव्या, म्हणजे पात्रतेच्या अगदी शेवटच्या स्थानावरून सुरुवात करून त्यांनी अंतिम सामन्यात साखळीत पहिल्या आलेल्या माँपेलिएला २९–१३ असे हरवले. पहिल्या सहांना पुढे नेणारी रचना नसती, फक्त साखळीतील पहिला तो विजेता असा नियम असता, तर हे नाव त्या वर्षी ढालीवर लागले नसते.

ढालीची ओढ काय असते हे समजण्यासाठी क्लेरमाँचे उदाहरण द्यावेसे वाटते. टायर बनवणाऱ्या मिशलँ कारखान्याच्या कामगारांसाठी १९११ मध्ये सुरू झालेला हा क्लब १९३६ पासून २००९ पर्यंत १० वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि दहाही वेळा हरला. त्यांतले शेवटचे तीन पराभव २००७, २००८ आणि २००९ असे लागोपाठ होते. अकराव्या वेळी, २०१० मध्ये, ज्या पेर्पिन्यांने त्यांना आदल्या वर्षी हरवले होते त्यांनाच १९–६ असे हरवून त्यांनी ढाल घरी नेली. पहिल्या पराभवाच्या वेळी जन्मलेला माणूस तोवर चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता.

प्रश्न: अंतिम सामना बरोबरीत सुटला तर काय करतात? (चाळीसगाव)

जादा वेळ खेळवतात. २०२५ चा अंतिम सामनाही जादा वेळेत गेला आणि तुलूझने बोर्दो-बेग्लला ३९–३३ असे हरवले. जादा वेळेनंतरही गुण समान राहण्याचे दोन प्रसंग लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १९६८ मध्ये देशव्यापी संप आणि आंदोलनांमुळे अंतिम सामना लांबणीवर पडून जूनमध्ये झाला. लूर्द आणि तुलाँ यांच्यात ९–९ अशी बरोबरी झाली. सामना पुन्हा खेळवायला वेळ नव्हता, कारण राष्ट्रीय संघाला न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघायचे होते, म्हणून लूर्दने दोन ट्राय केल्या आणि तुलाँने एकही नाही एवढ्या आधारावर लूर्दला विजेता घोषित केले. १९८४ मध्ये बेझिए आणि आझँ यांची २१–२१ अशी बरोबरी झाली, तेव्हा पेनल्टी मारण्याच्या फेरीवर निकाल लावला गेला. बेझिएने ती ३–१ अशी जिंकली आणि तेच त्यांचे आजवरचे शेवटचे विजेतेपद ठरले. हंगामभर खेळून शेवटी एकेकट्याच्या पायावर ढाल ठरावी हे मला पटत नाही. ट्राय मोजणे अधिक न्याय्य होते.

प्रश्न: महायुद्धांच्या काळात स्पर्धा चालू होती का? (भुसावळ)

नाही. १९१४ च्या अंतिम सामन्यात पेर्पिन्यांने तार्बला ८–७ असे हरवले, आणि तो एक गुणाचा फरक पाडणारा निर्णायक किक एमे जिराल या कोवळ्या वयाच्या खेळाडूने मारला होता. पुढच्याच वर्षी तो युद्धात मारला गेला. पेर्पिन्यांच्या मैदानाला आज त्याचेच नाव आहे. युद्धकाळात अजिंक्यपद स्पर्धा थांबवून, अजून सैन्यात भरती न झालेल्या मुलांसाठी ‘आशा चषक’ अशा अर्थाच्या नावाची पर्यायी स्पर्धा भरवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातही स्पर्धेत खंड पडला आणि १९४३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यानंतर विजेत्याविना गेलेले वर्ष म्हणजे २०२०, करोनाच्या साथीचे.

प्रश्न: आमच्या जिल्ह्यात सहा तालुक्यांच्या शालेय संघांची रग्बी स्पर्धा भरवण्याचा विचार आहे. फ्रान्सच्या रचनेतले काही आम्हाला घेता येईल का? (क्रीडाशिक्षकांचा एक गट, नंदुरबार)

घेता येईल, परंतु पंधरा खेळाडूंचा खेळ आणि घरच्या-बाहेरच्या मैदानांची साखळी यांचा आग्रह धरू नये. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या मुलांना प्रत्येक सामन्यासाठी घाट उतरून आणणे शक्य होणार नाही. आपल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत सात खेळाडूंचा रग्बी खेळला जातो. त्यात सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात, म्हणून एका संघाला दिवसात तीन सामने खेळता येतात.

सहा संघांची थेट बाद फेरी घेतली तर पाचच सामन्यांत निकाल लागतो, हे सोयीचे दिसते. पण त्यात किमान दोन आणि प्रसंगी चार संघ एकच सामना खेळून घरी परततात. तेवढ्यासाठी पोरांना डोंगरातून आणू नये. त्याऐवजी एकेरी साखळी घ्यावी. तिचे १५ सामने, पाच फेऱ्यांत होतात. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या, म्हणजे ९ सामने. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले ६ आणि दुपारी पहिल्या दोघांचा अंतिम सामना. सामन्यामागे अर्धा तास धरला तरी पहिला दिवस एका मैदानावर साडेचार तासांत आटोपतो. शक्य तर जानेवारीत भरवावी, म्हणजे उन्हाचा त्रास होणार नाही. गुण फ्रान्सप्रमाणेच द्यावेत: विजयाला ४, बरोबरीला २, थोडक्यात हरणाऱ्याला १, आणि तीन ट्राय जास्त करून जिंकणाऱ्याला आणखी १. तीन ट्राय जास्त असण्याची अट मात्र सोडू नये, कारण दुबळ्या संघालाही शेवटच्या मिनिटापर्यंत खेळण्याचे कारण तिनेच मिळते.

बक्षिसासाठी बाजारातला चषक घेण्यापेक्षा गावातल्या सुताराकडून सागवानाची जाड फळी करून घ्यावी आणि दरवर्षी विजेत्या तालुक्याच्या नावाची पितळी पट्टी तिच्यावर स्क्रूने बसवावी. फळी सुरुवातीलाच मोठी घ्यावी. निदान पंचवीस पट्ट्यांची जागा तिच्यावर असू द्यावी.